एकच टीम, चार स्टाइल्स आणि परीक्षक म्हणतात 'सगळं सारखंच दिसतं'

एका कॉलेज टीमच्या कॅप्टनने मला प्रश्न विचारलाय, तो आधी थोडक्यात सांगते म्हणजे बाकीच्यांनाही कळेल. कॉलेजची सोळा जणांची टीम आहे, ऑगस्टमध्ये युनिव्हर्सिटीच्या युथ फेस्टिव्हलला लोकनृत्य, त्याच सुमारास एका कॉलेज फेस्टला वेस्टर्न ग्रुप, आणि डिसेंबरला मूड इंडिगोसाठी, म्हणजे आयआयटी मुंबईच्या फेस्टसाठी, हिप-हॉप किंवा कंटेम्पररी असं काहीतरी. मागच्या वर्षी परीक्षक म्हणाले की तुमची लावणी हिप-हॉपसारखी दिसते आणि हिप-हॉप बॉलिवूडसारखं. मग प्रत्येक स्टाइलच्या वेगळ्या स्टेप्स कुठून आणायच्या, आणि लावणीसाठी बाहेरून कोरिओग्राफर बोलवायचा का?

स्टेप्स कुठूनही आण, यूट्यूब भरलेलं आहे, पण त्याने परीक्षकांची तक्रार जाणार नाही. स्टाइल वेगळी दिसते ती अंगाचं वजन कुठं पडतं आणि ठेक्याच्या कुठल्या जागेवर पडतं त्यावरून. हात बदलले, कपडे बदलले, चेहरा बदलला तरी तुमच्या सोळा जणांचे गुडघे सगळ्या नाचात एकाच पद्धतीने चालत असतील तर समोरून सगळं एकच दिसणार. घरी मागच्या वर्षीचा व्हिडिओ काढ, आवाज बंद कर, कमरेच्या वरचा भाग हाताने झाक आणि फक्त पाय बघ. कुठला नाच आहे ते ओळखता आलं नाही तर परीक्षक बरोबर बोलले.

हे होतं कशामुळे तर आजकाल सगळी मुलं रीलवरून शिकतात. रील म्हणजे उभी फ्रेम, एक माणूस, फोन छातीच्या उंचीवर, म्हणजे जे काही घडतं ते खांदे, हात आणि चेहऱ्यात, पाय बऱ्याचदा कापलेलेच असतात. अशी मुलं टीममध्ये आली की त्यांचा वरचा अर्धा भाग एकदम चकाचक असतो आणि खालचा अर्धा नुसता उभा. मग लावणी लावा नाहीतर हाऊस (क्लबमधला जलद पायकामाचा नाच) लावा, पाय तेच करणार.

आता एकेक घेऊ. लावणीवर जास्त बोलणार आहे, कारण तिथंच जास्त मार्क जातात आणि तिथंच मुलांना वाटतं की आपल्याला येतंच.

लावणीत पाय पूर्ण तळव्याने पडतो, गुडघा किंचित मोकळा, आणि पायातले चाळ, म्हणजे घुंगरांचे पट्टे, हे वाद्य आहे हे आधी मुलांना पटवून द्यावं लागतं. ढोलकी जे बोलते त्याला चाळ उत्तर देतात, कमर आणि अदा त्याच्यावर येतात, उलटं नाही. आपल्याकडे काय होतं, आधी कमर शिकवतात, मग डोळे, मग पदर, आणि चाळ शेवटच्या आठवड्यात भाड्याने आणून बांधतात. मग सोळा जणांच्या चाळांचा आवाज ढोलकीच्या कुठेतरी आसपास सांडत राहतो आणि परीक्षकांत एखादा जरी तालाचा माणूस बसला असेल तर तो तिथंच पेन खाली ठेवतो. पहिल्या दिवसापासून चाळ बांधा, सुरुवातीला थोडे घुंगरू असलेले चालतील, आणि पहिले काही दिवस फक्त ठेका, विलंबित, मध्य, द्रुत म्हणजे आधी संथ, मग मध्यम, मग जलद, कोरिओग्राफी काहीही नाही. कंटाळतील. कंटाळू देत.

दुसरं म्हणजे तोडा आणि तिहाई. लावणीत एक ओळ संपली की ढोलकी तोडा, म्हणजे ओळ बंद करणारा जोरदार तुकडा, मारते, आणि बऱ्याचदा तिहाईने, म्हणजे एकच तुकडा तीनदा वाजून, समेवर, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेवर, येते. तिथं थांबता आलं पाहिजे. सोळा जण एकाच क्षणी समेवर थांबले की हॉलमधून शिट्टी आपोआप येते, त्यासाठी वेगळी उडी, स्प्लिट, कोलांटी काही लागत नाही. पण एट-काउंटवर, म्हणजे एक ते आठ मोजून, बसवलेल्या मुलांना तिहाई पकडता येत नाही, कारण तिहाईचा तुकडा आठाच्या चौकटीत नेहमी बसत नाही, तो मध्येच कुठेतरी सुरू होतो. म्हणून तिथं काउंट सोडायचे आणि ढोलकीचे बोल तोंडाने म्हणायला लावायचे. बोल तोंडात बसले की पायात बसतात.

मुलग्यांचं काय करायचं हा प्रश्न दर वर्षी कोणीतरी विचारतंच. लावणी नाचणारे पुरुष आपल्याकडे आजही आहेत आणि तमाशात नाच्या, म्हणजे बायकी ढंगात नाचणारा पुरुष, ही भूमिकाच होती, त्यामुळे मुलगे नुसते मागे फेटा बांधून टाळ्या वाजवायला उभे करू नका, ते बघायला फार वाईट दिसतं. नाचायचं असेल तर नाचवा, पण चेष्टा म्हणून नाही. परीक्षकांना मुलगा लावणी करतोय हे चालतं, मुलगा लावणीची टिंगल करतोय हे चालत नाही.

कोळीनृत्यात वेगळीच गंमत होते. बरीच कोळीगीतं सहाच्या वजनात डोलतात, एक-दोन-तीन, चार-पाच-सहा, आणि अंगाचं वजन पहिल्या आणि चौथ्या मात्रेवर एका पायावरून दुसऱ्यावर जातं, मधल्या दोन मात्रा डोलण्याच्या. आता वेस्टर्न करणारी मुलं याला पाच-सहा-सात-आठ असं मोजतात, आणि मग तो डोल सपाट होतो, होडीत बसलेल्या माणसाचा नाच पीटी परेडसारखा दिसायला लागतो. मोजायचंच असेल तर सहा मोजा. वल्हवणं, जाळं टाकणं हे हाताने दाखवायच्या आधी गुडघे मऊ करून नुसतं डोलायला लावा. मुंबईत राहून वेसाव्याला किंवा वरळी कोळीवाड्यात एखाद्या हळदीला टीम घेऊन गेलात तर क्लासपेक्षा जास्त शिकाल, फक्त आमंत्रण असेल तर जा आणि फोन खिशात ठेवून नाचा.

तारपा, म्हणजे त्याच नावाच्या फुंकून वाजवायच्या वाद्यावरचा आदिवासी नाच, घेणार असाल तर एवढंच लक्षात ठेवा की तो समोर बसलेल्या प्रेक्षकांसाठी नाहीच आहे. तारपा वाजवणारा मध्ये असतो आणि नाचणारे एकमेकांच्या कमरेला हात घालून त्याच्याभोवती फिरतात, त्याच्याकडे पाठ करत नाहीत. टीम्स काय करतात, दोन फेऱ्या मारतात आणि मग लाइन करून समोर तोंड करून स्माइल देतात. झालं, संपला तारपा. स्टेजसाठी बदल करावा लागतो हे मान्य, पण वादकाची जागा बदलून बघा, त्याला स्टेजच्या पुढच्या कोपऱ्यात आणा म्हणजे नाचणाऱ्यांची तोंडं आपोआप प्रेक्षकांकडे येतील आणि नियमही मोडणार नाही.

लोकनृत्याच्या नियमांचा कागद मात्र नीट वाच. असोसिएशन ऑफ इंडियन युनिव्हर्सिटीजच्या युवा महोत्सवात लोकनृत्याला जास्तीत जास्त १० नाचणारे, ५ साथीदार आणि १० मिनिटं असतात. खालच्या पातळीवर आयोजक काय ठेवतात ते त्यांच्या परिपत्रकात बघ, पण पुढे जायचं असेल तर याच चौकटीत बसव. म्हणजे तुझ्या सोळातले सहा नाचणार नाहीत हे आजच सांगून टाक, ऑगस्टमध्ये रडारड नको. आणि १० मिनिटं म्हणजे वेस्टर्नच्या तीन-साडेतीन मिनिटांच्या तिप्पट, तिथं पहिल्या मिनिटाला सगळा दम काढला तर सातव्या मिनिटाला मुलांच्या चेहऱ्यावर फक्त ठाणे-सीएसएमटी फास्ट लोकलमधली दमछाक दिसते. मध्ये एक संथ भाग ठेवा जिथं पाच जण नाचतात आणि पाच जण बसून श्वास घेतात, बसलेलेही गाण्यातच असले पाहिजेत.

हिप-हॉप. इथं सगळ्यात मोठा गैरसमज म्हणजे हिप-हॉप ही एक स्टाइल आहे. ब्रेकिंग, म्हणजे जमिनीवर हातापायांवर फिरत केलेला नाच, न्यूयॉर्कच्या ब्रॉन्क्समधलं, तिथं १९७३ च्या ऑगस्टमध्ये डीजे कूल हर्कची पार्टी झाली तिथून लोक इतिहास मोजतात. लॉकिंग लॉस एंजेलिसच्या डॉन कॅम्पबेलचं, ते फंकवर वाढलं. पॉपिंग कॅलिफोर्नियातल्याच फ्रेझ्नोचं, बूगालू सॅमच्या ग्रुपचं. प्रत्येकात वजन वेगळं. हिप-हॉप ग्रूव्हमध्ये, म्हणजे अंगाच्या सतत चालणाऱ्या झोक्यात, बीटवर गुडघा खाली जातो, छाती त्याच्यामागून येते. लॉकिंगमध्ये हालचाल सैल, मोठी, आणि मग एकदम कुलूप लावल्यासारखं थांबणं. पॉपिंगमध्ये स्नायू आकसून सोडायचा, बाहेरून फक्त झटका दिसतो. आपली मुलं तिन्ही गोष्टी एकाच ताठ छातीने करतात, बॉलिवूडची सवय आहे, बॉलिवूड वरच्या दिशेने नाचतं, प्रत्येक बीटवर अंग उचललं जातं. परीक्षक 'बॉलिवूडसारखं' म्हणाले ना, ते यासाठीच. वॉर्म-अपला रोज वीस मिनिटं नुसता बाउन्स, वर आणि खाली, चालताना, बोलताना, पाणी पिताना, मग स्टेप. हिप-हॉप इंटरनॅशनलसारख्या स्पर्धांत खऱ्या स्ट्रीट स्टाइल्स किती आणि किती खऱ्या दाखवल्या याचे वेगळे मार्क असतात, म्हणून चार स्टाइल्सचा चिवडा करण्यापेक्षा दोन नीट करा. तिथं क्रू म्हणजे ५ ते ९ जण आणि त्याहून मोठी टीम मेगाक्रू, हे पण माहीत असू दे, कारण सोळा जणांचं नाचणं आणि आठ जणांचं नाचणं हे दोन वेगळे प्रकार आहेत. आठ जणांत प्रत्येकाचा चेहरा दिसतो, सोळात फक्त आकार दिसतात.

आणि हो, थ्रो. वसई-नालासोपाऱ्याच्या द किंग्जनी २०१९ ला अमेरिकेत वर्ल्ड ऑफ डान्स जिंकलं, २०२० ला व्ही अनबीटेबलने अमेरिकाज गॉट टॅलेंट द चॅम्पियन्स जिंकलं, आपल्याच वेस्टर्न रेल्वे लाइनवरची मुलं, अभिमान आहेच. पण तेव्हापासून प्रत्येक कॉलेजला पोरगं हवेत उडवायचंय. त्यांची फेक सगळ्यांना दिसते, फेकणाऱ्या आणि झेलणाऱ्यांची वर्षानुवर्षांची मेहनत कोणाला दिसत नाही. गच्चीच्या लादीवर, मॅट नाही, पडताना सावरणारा स्पॉटर नाही, कोणी शिकवलेलं नाही, असं करायचं असेल तर माझा सरळ नकार. खांद्याच्या उंचीपर्यंतची एखादी सपोर्ट लिफ्ट, ज्यात वरचा माणूस स्वतःच्या पायावर परत उतरू शकतो, तेवढी पुरे. शाळा-कॉलेजच्या पातळीवर मी टीमला मार्क जाताना पाहिलेत ते लिफ्ट नव्हती म्हणून क्वचितच, लिफ्टसाठी आठ काउंट नुसते उभे राहून तयारी करत होते म्हणून कितीतरी वेळा.

कंटेम्पररीबद्दल थोडंच बोलते. मार्था ग्रॅहमचं आकसणं आणि सोडणं, डोरिस हम्फ्रीचं पडणं आणि सावरणं, या दोन अमेरिकन नर्तकींचा हा त्याच्या मुळाशी असलेला विचार. म्हणजे वजन मुद्दाम तोलाबाहेर जाऊ द्यायचं आणि परत आणायचं, आणि ते श्वासावर, काउंटवर नाही. आपल्याकडे कंटेम्पररी म्हणजे रडका चेहरा, धावत येणं, जमिनीवर लोळणं आणि शेवटी हात वर करून लाइट बंद. विषय कितीही गंभीर घ्या, पण मुलांना नीट पडता येत नसेल तर डिसेंबरला हिप-हॉपच करा, कंटेम्पररी पुढच्या वर्षी.

आता जागा. हे कोणी विचारत नाही आणि यावरून अर्धी कोरिओग्राफी ठरते. आपल्याकडच्या जुन्या नाट्यगृहांत, दादरचं शिवाजी मंदिर म्हण, परीक्षक पुढच्या रांगांत बसलेले असतात आणि स्टेज त्यांच्या डोळ्यांच्या वर. तिथं दुसऱ्या-तिसऱ्या रांगेतल्या मुलांनी जमिनीवर काहीही केलं तरी ते कोणालाही दिसत नाही, पुढच्या रांगेच्या पायांमागे झाकलं जातं. याउलट आयआयटीच्या ओपन एअर थिएटरमध्ये प्रेक्षक पायऱ्यांवर वर बसतात, तिथून जमिनीवरची रांगोळी दिसते, गोल, तिरप्या रेषा, उलगडणारा सर्पिल असलं सगळं तिथं खुलतं. म्हणजे तोच नाच दोन ठिकाणी न्यायचा असेल तर फॉर्मेशन्स बदलायला लागतात. प्रॅक्टिसचा व्हिडिओ काढताना परीक्षक जिथं बसणार त्या उंचीवरून काढ, उभं राहून डोक्यावरून काढलेला व्हिडिओ तुला खोटं सांगतो.

फॉर्मेशनचा हिशोब पण करून घे. १०० बीपीएमच्या, म्हणजे मिनिटाला १०० बीटच्या, गाण्यात तीन मिनिटांत ३०० बीट, म्हणजे साडेसदतीस एट, एक एट ४.८ सेकंदांचं. तेच गाणं १२८ बीपीएमचं असेल तर तीन मिनिटांत ४८ एट. दहा एट जास्तीचं मटेरियल लागणार आणि जागा बदलायला वेळ कमी मिळणार. नाचत नाचत माणूस चार काउंटमध्ये तीन मीटरच्या फार पुढे जात नाही, पळत गेला तर जातो पण पळताना दिसतो. म्हणून आधी कागदावर सोळा ठिपके काढ, कोण कुठून कुठं जातंय त्याच्या रेघा मार, दोन रेघा एकाच वेळी एकाच जागी एकमेकांना छेदत असतील तर तिथं टक्कर होणारच. स्टाइलप्रमाणे जागा बदलायची पद्धतही वेगळी ठेव. लावणीत ठेक्यातच सरकतात, हिप-हॉपमध्ये ग्रूव्ह धरून चालतात, कंटेम्पररीत वजन ओढत नेतं. सगळीकडे तीच चार पावलांची धाव दिसली की परत 'सारखंच दिसतं'.

पहिले दोन एट सोपे पण स्वच्छ ठेव, परीक्षक तिथं टीमचा सिंक बघून मनात एक आकडा लिहितात आणि नंतर त्याच्याच आसपास फिरतात. सगळ्यात अवघड तुकडा साधारण दोन-तृतीयांशावर, शेवटी नाही, कारण शेवटी दम संपलेला असतो. आणि पुढच्या रांगेत प्रत्येक नाचाला तेच चार चेहरे नको. तू कॅप्टन आहेस, तुझी मैत्रीण पुढे असते, हे सगळीकडे चालतं, पण ज्याचा बाउन्स चांगला तो हिप-हॉपला पुढे आणि ज्याचा ठेका चांगला तो लावणीला पुढे, नाहीतर परीक्षकांना तेच शरीर तेच करताना दिसत राहतं.

फ्युजन करू का असं पुढे विचारशीलच. कर, पण ढोलकीवर हिप-हॉपच्या स्टेप्स चिकटवणं म्हणजे फ्युजन नाही. ढोलकीच्या तोड्यावर पॉपिंगचे हिट्स, म्हणजे ते झटके, बसतात, चाळांच्या जलद पायकामाला हाऊसचं फूटवर्क जवळचं आहे, अशा जिथं ठेका दोघांचा जुळतो अशा एक-दोन जागा शोध आणि तेवढ्याच ठेव. नियमावलीत लोकनृत्य लिहिलं असेल तर मात्र अजिबात नको.

वेळापत्रक. युथ फेस्टिव्हल आणि कॉलेज फेस्ट्स पावसातच येतात, म्हणजे जुलै-ऑगस्टला गच्ची गेली, शिवाजी पार्क गेलं, राहिला कॉलेजचा हॉल नाहीतर तासावर भाड्याचा स्टुडिओ. कल्याण-विरारच्या मुलांना रात्री नऊनंतर थांबवू नको, सकाळी लेक्चरच्या आधीचा स्लॉट माग, मुलं झोपेत येतात पण येतात. एका दिवशी एकच स्टाइल कर. दोन तासांत अर्धा लावणी अर्धा हिप-हॉप असं केलंस तर शरीर दोन्हीचं मिश्रण शिकतं आणि मग आपण परत पहिल्या परिच्छेदात आलो. शूज पण वेगळे, लोकनृत्याला अनवाणी, हिप-हॉपला तेच स्नीकर्स जे स्टेजवर घालणार, कारण पावसाळ्यात घसरण्याचा अंदाज बुटाबुटाला वेगळा असतो. नऊवारी शिवलेली घेतलीस तरी शेवटचे आठ-दहा दिवस ती नेसूनच प्रॅक्टिस, ट्रॅकपँटमध्ये पडणारं पाऊल नऊवारीत पडत नाही.

आता शेवटचा प्रश्न, लावणीला बाहेरून माणूस बोलवायचा का. हो, पण कोरिओग्राफर आधी नको, ढोलकीवाला आधी बोलव. दोन-तीन बैठका त्याच्यासोबत कर, मुलांनी चाळ बांधून फक्त ठेका धरायचा, तोडे ऐकायचे, तिहाई मोजायची, त्याला विचार कुठं थांबायचं. तो सांगेल त्यावरून तुझी अर्धी लावणी बसेल, मग कोरिओग्राफर लागला तर तो सफाईला लागेल, आणि तो कमी दिवसांत काम करून जाईल. साथीदारांच्या पाचात तोच बसणार असेल तर नियमात बाहेरचा व्यावसायिक वादक चालतो की विद्यार्थीच हवा हे आधी बघून घे. मानधन आधी ठरव आणि बैठक झाली की त्याच दिवशी दे, 'फेस्टचं बजेट आलं की देतो' असं कलाकाराला सांगायचं नाही. आणि फोन जुलै उजाडायच्या आत कर, गणपती जवळ आले की मुंबईतला एकही बरा ढोलकीवाला मोकळा नसतो.